अँबेसिडरचे भाऊबंद : जुन्या स्पोर्ट्‌स कारचा जीर्णोद्धार आणि यवतमाळची कारागिरी

स्पोर्ट्‌स कार म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर अतिवेगवान, अतिमहाग आणि महानगरांतील श्रीमंतांपुरते मर्यादित असलेले वाहन उभे राहते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटन आणि इटलीत ज्या मोटारींना हे नाव मिळाले, त्यांचा पिंड याच्या जवळजवळ उलट होता. दोन आसने, कापडी छप्पर, जमिनीलगतचा हलका सांगाडा आणि त्यात कुटुंबासाठी बनवलेल्या साध्या मोटारीचेच थोडे अधिक चपळ केलेले इंजिन, एवढ्या सामग्रीवर या गाड्या उभ्या राहिल्या. इंजिन, गिअरपेटी, पुढची चाके धरणारे सांधे, ब्रेक यांपैकी बहुतेक भाग मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीतून घेतल्यामुळेच त्या मध्यमवर्गीय तरुणाला परवडत असत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात अशी मोटार रस्त्यावर क्वचितच दिसते, तरीही तिच्या जीर्णोद्धाराचा विचार येथे गांभीर्याने करता येतो तो याच कारणामुळे, कारण ज्या साध्या मोटारींतून या स्पोर्ट्‌स कार घडल्या त्या मोटारी भारतातील प्रत्येक जिल्ह्याच्या गावी अनेक दशके धावल्या आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हातही तेथेच तयार झाले आहेत.

स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन वाचवण्यासाठी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची तयारी नसलेल्या परदेशी कंपन्यांना १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात गाशा गुंडाळावा लागला. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून मोटारींची जुळणी करणारी जनरल मोटर्स ही त्यांपैकीच एक. उरल्या त्या मुख्यतः तीन भारतीय कंपन्या. बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबेसिडर बनवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० घडवली, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून ट्रायम्फ हेरल्ड ही छोटी मोटार स्टँडर्ड हेरल्ड या नावाने बाजारात आणली. निवडीला वाव नसलेला हा काळ ग्राहकाच्या दृष्टीने कंटाळवाणाच होता, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे त्याच तीन मोटारी उघडून-बांधून भारतीय मेकॅनिकांनी त्यांच्याविषयी जे ज्ञान मिळवले, तेवढे त्या मोटारींच्या जन्मदेशांतही फारसे कोणी जपले नसेल.

या तिन्ही मोटारींचे स्पोर्ट्‌स कारशी असलेले नाते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. अँबेसिडरमध्ये अनेक वर्षे बसवले गेलेले १४८९ सीसीचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी मालिका’ या इंजिनकुलातले होते, आणि १९५५ मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅबिंग्डन येथून बाहेर पडलेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्‌स कारमध्येही त्याच कुलातले, त्याच क्षमतेचे इंजिन होते. सीसी म्हणजे इंजिनातील सर्व सिलिंडरांत मिळून दट्ट्या जेवढी जागा व्यापतो तिचे घन सेंटिमीटरांतील माप. ते दोन्हींत सारखे आहे, सिलिंडरचा ७३ मिलिमीटरांचा व्यास सारखा आहे, दट्ट्याची ८९ मिलिमीटरांची फेरीही सारखी आहे. एक लाखाहून थोड्या अधिक एमजीए बनल्या आणि १९६२ मध्ये तिची जागा घेणाऱ्या एमजीबीमध्ये त्याच कुलातले १७९८ सीसीचे इंजिन आले. हेरल्डच्या बाबतीत नाते याहून जवळचे आहे, कारण १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही हेरल्डचीच चासी, म्हणजे गाडीचा भार वाहणारा पोलादी पाया, आखूड करून तिच्यावर उभारली गेली आणि दोन्हींची शरीरे इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटली. फियाटनेही आपल्या ११०० वरून १९५५ ते १९५७ या काळात उघड्या छपराची दोन आसनी मोटार काढली होती, जिचे इंजिन मुंबईत पूर्वी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीच्या इंजिनाप्रमाणेच १०८९ सीसीचे होते. कलेक्टर कचेरीबाहेर एके काळी उभी असणारी पांढरी अँबेसिडर आणि परदेशी चित्रपटांत दिसणारी एमजीए या एकाच घराण्यातल्या आहेत, हे सांगितल्यावर अनेकांना गंमत वाटते. जुन्या मेकॅनिकांना मात्र ते बॉनेट उघडताच कळते.

अर्थात नाते आहे म्हणून भाग जसाच्या तसा बसतो असे नाही, आणि या भ्रमातून बरीच हानी होते. एमजीएच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर असतात, अँबेसिडरच्या इंजिनाला एक; एमजीएमधील दाबाचे प्रमाण, म्हणजे पेटण्यापूर्वी पेट्रोल-हवेचे मिश्रण किती आवळले जाते याचे माप, अधिक असते; त्यामुळे अँबेसिडरचा दट्ट्या व्यासाने जुळला तरी त्याच्या माथ्याचा आकार तपासल्यावाचून तो वापरल्यास गाडी चालेल, पण तिची चपळाई जाईल. कॅमशाफ्ट, तेलाची टाकी, इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, गिअरपेटीचे तोंड हे सारे मोजूनच ठरवावे लागते. दुसरी अडचण बोल्टच्या आट्यांची. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे, १९५० नंतरच्या गाड्यांत हळूहळू इंचावर आधारलेले युनिफाइड पद्धतीचे आटे आणि फियाटमध्ये मिलिमीटरचे आटे असल्यामुळे, दिसायला सारखा वाटणारा बोल्ट दुसऱ्या पद्धतीच्या छिद्रात दोन फेरे सहज फिरतो आणि तिसऱ्या फेऱ्याला आटे मारतो. बिडाच्या ब्लॉकमधील आटे गेले तर छिद्र मोठे करून आतून नवी आटेदार पुंगळी बसवण्यावाचून उपाय राहत नाही.

स्पोर्ट्‌स कार देशात सर्वत्र धावणाऱ्या साध्या मोटारींची नातलग असते, या नियमाचा अपवाद गोव्यात सापडतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, कापडी छपराची मोटार बनवली. तिचे शरीर फायबरचे होते आणि इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे, ११४९ सीसीचे होते. फायबरला गंज चढत नाही, ही समुद्रकिनारी मोठीच सोय. परंतु ते इंजिन त्या काळात भारतात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही लोकप्रिय मोटारीत नव्हते आणि गाड्याही थोड्याच बनल्या, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश गाडीपेक्षा पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोव्याची गाडी दुरुस्त करणे अनेक बाबतींत अवघड ठरते. जीर्णोद्धाराची सोपी-अवघड बाजू गाडीच्या वयावर किंवा किमतीवर ठरत नसून तिचे किती भाग तिच्याबाहेर इतर गाड्यांत जिवंत आहेत यावर ठरते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

यवतमाळ जिल्ह्याचा विचार केला तर येथे अनुकूल बाबी वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. कापसाच्या या मुलखात जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे, शेतीचे पंप आणि ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीसाठी लेथ चालवणारे टर्नर, वेल्डर, कमानपाटे बांधणारे, रेडिएटर जोडणारे कारागीर वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा अशा तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. नवीन भाग मागवण्यापेक्षा तुटलेला भाग नमुना म्हणून समोर ठेवून दुसरा घडवण्याची सवय त्यांना आहे, आणि जीर्णोद्धाराला नेमकी हीच सवय लागते. महानगरांतील अधिकृत सेवाकेंद्रांत भाग बदलणारे तंत्रज्ञ भरपूर असतात, भाग घडवणारे विरळ होत चालले आहेत. सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपुरात क्रँकशाफ्ट घासणे, सिलिंडर बोअर करणे यांसारखी अचूक कामे होतात. हवामानही अगदी प्रतिकूल नाही, कारण कोकण किंवा मुंबईप्रमाणे येथे खारा वारा नाही. मात्र पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चासीच्या पोकळ्यांत जाऊन बसतो, तो ओल सोडत नाही, आणि वरून धडधाकट दिसणारी गाडी खालून पोखरली जाते. शेतातल्या गोठ्यात मातीवर उभी ठेवलेली गाडी म्हणूनच फरशीवर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर संपते.

जुन्या यंत्राची किंमत वेळीच न कळल्याने काय होते, याचे उदाहरण जिल्ह्याला शोधायला दूर जावे लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरील शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत होती; त्यानंतर डिझेल इंजिन आले आणि आज ती गाडीही बंद आहे. ते वाफेचे इंजिन सांभाळणाऱ्या फिटर-चालकांनी सत्तर वर्षांत जे हातचे ज्ञान साठवले होते, ते लिहून ठेवण्याची तसदी त्या वेळी घेतली गेली असती तर ते आज अनेकांच्या कामी आले असते.

जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, याविषयी जगभर बराच ऊहापोह झालेला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या विषयावर एक सनद स्वीकारली असून तिला तुरिन सनद म्हणतात. जुन्या वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिस सनद, जहाजांसाठी २००३ ची बार्सिलोना सनद आणि रेल्वेसाठी २००५ ची रीगा सनद यांच्याच वळणाने ती जाते. तिचा आशय असा की, आहे ते शक्य तितके टिकवणे हे पहिले कर्तव्य, बिघाड थांबवणे हे दुसरे, आणि गेलेला भाग नव्याने घालणे हे नाइलाजाचे शेवटचे पाऊल असून ते उचलले तर त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. भारतात बहुधा याच्या उलट घडते. गाडी हाती येताच तिचा जुना रंग खरवडून काढला जातो, आसनांचे मूळ चामडे फेकून नवे रेक्झिन चढवले जाते, जे भाग कारखान्यातून काळ्या रंगाचे निघत असत त्यांवरही क्रोमचा मुलामा दिला जातो, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली प्रत्यक्षात एक चकचकीत नवी वस्तू तयार होते. मुंबईत २००८ मध्ये कार्तिए या कंपनीने जुन्या मोटारींची सौंदर्यस्पर्धा भरवली, तेव्हापासून अशा स्पर्धांमुळे अस्सलपणाची जाणीव भारतात वाढली आहे हे मान्य केले तरी, झगमगाटाचा मोह अजून ओसरलेला नाही. साठ वर्षांपूर्वीचा थोडा विटलेला पण मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो, कारण तो एकदा घालवला की पैसे टाकून परत मिळत नाही.

म्हणून कामाची सुरुवात पान्याने होत नाही, कागदाने होते. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावे लागतात, आणि ब्रिटिश गाडी असेल तर इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ वह्यांच्या आधारे एमजीसारख्या गाड्यांची प्रमाणपत्रे देते. गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या रंगात, कोणत्या देशासाठी बाहेर पडली हे त्यातून कळू शकते. त्यानंतर गाडी उघडताना प्रत्येक भागाचे जागेवरचे छायाचित्र, काढलेल्या बोल्टांची नावे लिहिलेल्या पिशव्या आणि जोडणीचा क्रम यांची नोंद केली जाते. उघडणे आणि पुन्हा बांधणे यांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज पडते, कधी मेकॅनिकही बदलतो, आणि नोंद नसेल तर पोत्यात भरलेले भाग शेवटी भंगारच ठरतात. अर्धवट राहिलेल्या बहुतेक जीर्णोद्धारांचे कारण पैशाच्या टंचाईइतकेच या निष्काळजीपणात सापडते.

गंज हा या कामातील सर्वांत खर्चिक शत्रू आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो हे शाळेत शिकवले जाते, पण मोटारीत तो बाहेरच्या पत्र्यापेक्षा दोन पत्र्यांमधील बंद पोकळीत आधी सुरू होतो, त्यामुळे तो दिसतो तेव्हा आतले काम झालेले असते. जुन्या गाडीवर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहण्याची साधी युक्ती अजूनही उपयोगी पडते. पत्रा कापून काढण्याऐवजी त्यावर जाड लांबी भरलेली असेल तेथे चुंबक धरत नाही. पुढचा निर्णय गाडीच्या रचनेवर अवलंबून असतो. एमजीए किंवा स्पिटफायरमध्ये चासी वेगळी आणि शरीर वेगळे असल्यामुळे शरीर उचलून बाजूला ठेवता येते. एमजीबीमध्ये मात्र वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीरच सगळा भार पेलते आणि दारांखालचे पोकळ पत्रे, ज्यांना इंग्रजीत सिल म्हणतात, हे त्या रचनेचे मुख्य तुळईसारखे आधार असतात. उघड्या गाडीला छताचा आधार नसल्यामुळे, दारांच्या चौकटीत आडवे-तिडवे लोखंडी टेकू जोडल्याशिवाय हे पत्रे कापले तर गाडी मधोमध खचते आणि नंतर दारे कधीच नीट लागत नाहीत. हे काम येथे करू नये असे नाही, पण ते करणाऱ्या डेंटरला ही रचना आधी समजावून सांगितली पाहिजे, कारण त्याचा अनुभव बहुधा जीपचा आणि अँबेसिडरचा असतो. ब्रिटनमध्ये एमजीबीचे संपूर्ण नवे शरीर १९८८ पासून मूळ साच्यांवर पुन्हा बनवले जाऊ लागले, ही या गाडीच्या मालकांची मोठी सोय आहे; वाहतूक आणि आयातशुल्क धरल्यावर भारतात तिचा लाभ थोड्यांनाच घेता येतो.

हेरल्ड आणि स्पिटफायर यांचा सांगाडा या दृष्टीने छोट्या गॅरेजला फार सोयीचा आहे. हेरल्डची रचना झाली तेव्हा स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला संपूर्ण शरीर घडवून देणारा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता, म्हणून गाडीचे शरीर सुट्या तुकड्यांत, बोल्टांनी जोडलेले असे आखावे लागले. त्या नाइलाजाचे फळ असे की पुढचा संपूर्ण भाग चाकांवरच्या पत्र्यांसह पुढे उलटतो आणि इंजिनाभोवती मोकळेपणाने बसून काम करता येते. या गाड्यांच्या पुढच्या चाकांशी ट्रनियन नावाचा एक पितळी जातीच्या धातूचा सांधा असतो, ज्यात चाकाचा उभा दांडा आट्यांवर फिरतो. मूळ पुस्तिकेत त्यात गिअरचे घट्ट तेल घालण्यास सांगितले आहे, परंतु ग्रीसची निपल दिसते म्हणून ग्रीस मारण्याची प्रथा पडली. ग्रीस आट्यांत नीट उतरत नाही, पाणी आत राहते, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर तुटून चाक आडवे होते. एवढी एक गोष्ट माहीत असणे हे नव्या रंगापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

एमजीएच्या आधीच्या एमजी गाड्यांत, उदाहरणार्थ १९४५ ते १९४९ च्या टीसी आणि तिच्यानंतरच्या टीडी या नमुन्यांत, पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते आणि ती अ‍ॅश नावाच्या युरोपीय लाकडाची असते. एमजीएची चौकट पोलादी असली तरी पायांखालच्या फळ्या प्लायवूडच्याच. विदर्भात अशा गाडीला गंजाइतकीच वाळवीची भीती. अ‍ॅश येथे मिळत नाही, पण यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा आहे, आणि वाळवीला दाद न देणारे, ओलीने न फुगणारे सागवान हा या कामी योग्य पर्याय आहे. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : सागवानातील नैसर्गिक तेलामुळे चिकटद्रव्य धरत नाही, म्हणून जोडाच्या जागा जोडण्याच्या जरा आधी द्रावकाने पुसून घ्याव्या लागतात, आणि अ‍ॅश धक्के पचवण्याइतके लवचीक असते तितके सागवान नसते, त्यामुळे सांध्यांना पोलादी पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. शुद्धतावादी परीक्षक यावर नाक मुरडतील. नोंद ठेवली असेल तर मुरडू द्यावे.

इंजिनाचे काम त्या मानाने ओळखीचे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन जाम झालेले असते, ते दोरी बांधून ओढून सुरू करण्याचा प्रयत्न केला तर कड्या आणि सिलिंडर दोन्ही ओरखडतात; म्हणून स्पार्क प्लगच्या छिद्रांतून पातळ तेल सोडून काही दिवस थांबावे आणि हाताने हळूहळू फिरवावे. सिलिंडर झिजलेले असल्यास ते बोअर करून मोठ्या मापाचे दट्टे घालतात. गॅरेजमध्ये दहा, वीस, तीस, चाळीस असे जे आकडे ऐकू येतात ते इंचाच्या हजाराव्या भागाचे असतात, आणि चाळीसपुढे गेलेल्या ब्लॉकला सामान्यतः नवी पुंगळी, म्हणजे स्लीव्ह, बसवून पुन्हा मूळ मापावर आणावे लागते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण शिशामुळे होत असे, म्हणून हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. ते हवेतील ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करते आणि दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साठवते. उसाच्या शेतकऱ्याला इथेनॉल हवे असणार, जुन्या गाडीच्या मालकाला ते नको असणार. तूर्त नळ्या बदलणे आणि टाकी रिकामी ठेवणे एवढेच त्याच्या हाती आहे.

एमजीएच्या दोन एसयू कार्बोरेटरांची जुळणी हा एक वेगळाच कौशल्याचा भाग आहे. दोन्हींतून सारखी हवा गेली नाही तर पुढचे दोन सिलिंडर एका लयीत आणि मागचे दोन दुसऱ्या लयीत चालतात. त्यासाठी महाग यंत्रे मिळतात, परंतु रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फुत्कार ऐकत स्क्रू फिरवण्याची जुनी रीत आजही खात्रीची आहे.

विजेच्या जोडणीत अंदाजाला थारा नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे. आजच्या सर्व गाड्यांत ऋण टोक जोडलेले असते. हे न पाहता आधुनिक अल्टरनेटर बसवला, किंवा तो असलेल्या गाडीत बॅटरी उलटी जोडली, तर तो क्षणात जळतो. लुकास कंपनीच्या तारांचे रंग ठरलेले होते : तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून जाणारी, निळी हेडलाइटची, तांबडी बाजूच्या दिव्यांची, काळी चासीला जाणारी. गावातील इलेक्ट्रिशियन उपलब्ध असलेल्या एकाच रंगाची तार सगळीकडे ओढतो. गाडी त्या दिवशी चालते, पण पुढच्या माणसाला प्रत्येक तार हातात धरून शोधावी लागते.

कायद्याची बाजू २०२१ मध्ये प्रथमच स्पष्ट झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरले असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयात बसते, १९७७ मध्ये नोंदलेली स्टँडर्ड कंपनीची गझेल २०२७ मध्ये बसेल. नियमातील कळीचा शब्द ‘मूळ स्वरूप’ हा आहे. चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर गाडी अपात्र ठरू शकते, आणि इंधन वाचवण्यासाठी जुन्या पेट्रोल गाड्यांना डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. ज्याने असे इंजिन बसवताना मूळ इंजिन कोपऱ्यात ठेवून दिले, त्याचा तो निष्काळजी साठेबाजपणा आज दूरदृष्टी ठरतो.

या सगळ्या तपशिलांवरून एक गोष्ट लक्षात यावी की जीर्णोद्धार हे एकट्याने करण्याचे काम नाही. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांच्यासारख्या संस्थांभोवती मोटारशौकिनांचा गोतावळा जमला. मद्रासजवळच्या शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवरील शर्यतींत फियाट आणि हेरल्ड पळवणाऱ्यांनी याच घरगुती इंजिनांतून जास्तीची शक्ती कशी काढावी याचे ज्ञान एकमेकांना दिले. मात्र शौकिनांच्या मेळाव्यांत बहुधा तयार झालेली गाडी दाखवली जाते, चालू असलेले काम दाखवले जात नाही, आणि मालक बोलतो तेव्हा ज्याने पत्रा ठोकला त्या माणसाचे नावही घेतले जात नाही. ज्या गोष्टी खरोखर सांगण्याजोग्या असतात, म्हणजे कोणत्या अँबेसिडरचा कोणता भाग किती घासल्यावर बसला, सागवानाचा जोड कोणत्या चिकटद्रव्याने टिकला, कोणता उपाय फसला, त्या बोलण्यात विरून जातात. इंग्रजीत या गाड्यांची दुरुस्ती-पुस्तके विपुल आहेत, पण ती ब्रिटनमधील हवामान आणि तेथे मिळणारे भाग गृहीत धरून लिहिलेली आहेत. आटे, कमानपाटा, लांबी, बोअर या शब्दांत विचार करणाऱ्या कारागिरासाठी मराठीत असे लेखन अत्यल्प आहे.

या लेखनासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी साठी-सत्तरीतील एकेका मेकॅनिकाजवळ बसून अँबेसिडर, फियाट आणि हेरल्डविषयी त्याला जे ठाऊक आहे ते मापांसह, चित्रांसह उतरवून घेतले, तर ते प्रशिक्षणही होईल आणि दप्तरही. ज्यांच्या वाड्यात, गोदामात किंवा शेतातल्या शेडमध्ये एखादी जुनी मोटार उभी आहे, तिचे नाव-गाव ठाऊक असो वा नसो, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी आरसी बुक शोधावे, चासी आणि इंजिनावरील क्रमांक उतरवून घ्यावेत, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, गाडी मातीवरून उचलून विटांवर किंवा फरशीवर घ्यावी, आणि जाणकाराला दाखवेपर्यंत तिच्यातला एकही भाग, विशेषतः चासी क्रमांकाची पाटी, कोणालाही काढू देऊ नये.